कर्करुग्णाच्या नीलेतील नळी : तिचे उपद्रव आणि आपले कर्तव्य



कर्करोगावरील औषधोपचार बहुधा मोठ्या शहरात होतात. परंतु केमोथेरपीच्या दोन आवर्तनांमधील दोन-तीन आठवडे रुग्ण आपल्या गावीच असतो. भूक मंदावली, मळमळ थांबत नाही, तोंड आले आहे, अंगात कणकण आहे, अशा तक्रारी घेऊन तो प्रथम आपल्याच चिकित्सालयाची पायरी चढतो किंवा गावातील औषधाच्या दुकानासमोर उभा राहतो. अशा रुग्णांपैकी पुष्कळांच्या दंडात, मानेखाली अथवा छातीच्या त्वचेखाली एक नळी बसविलेली असते. तिचे टोक थेट हृदयाच्या दारापर्यंत पोहोचलेले असते. माझ्या विद्यार्थिदशेत या नळीचा परिचय मला झाला नव्हता. तो पुढे एका चुकीतून झाला. ती चूक आपल्यापैकी कोणाच्या हातून घडू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी स्तनकर्करोगाची एक मध्यमवयीन रुग्णा माझ्याकडे आली. केमोथेरपीचे आवर्तन होऊन दहा दिवस झाले होते. सायंकाळी हुडहुडी भरून ताप आला होता. तापमापकाने १०१.२ अंश दाखविले. घसा स्वच्छ होता, छाती स्वच्छ होती, मूत्रविषयक तक्रार नव्हती. उजव्या दंडावर एक पट्टी दिसली. सलाईनची जागा असेल, असे मी गृहीत धरले आणि विचारले नाही. पावसाळ्याचे दिवस, अग्निमांद्य, दौर्बल्य. मी ज्वरघ्न औषधे दिली, सोबत पॅरासिटामॉलही दिले. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, घरची मंडळी समाधान पावली आणि मीही.

तिसऱ्या दिवशी स्नान करताना दंडावरची पट्टी भिजली. ती बदलण्यासाठी रुग्णा एका परिचारिकेकडे गेली आणि तेथे नळीतून सलाईन सोडून ती धुण्यात आली. अर्ध्या तासात पुन्हा अशी हुडहुडी भरली की खाट हलू लागली. मी पोहोचलो तेव्हा नाडी सूक्ष्म व द्रुत, हातपाय थंड आणि रक्तदाब जेमतेम ८० होता. जिल्ह्याच्या ठिकाणी अतिदक्षता विभागात आठ दिवस काढल्यावर ती वाचली. नळी काढावी लागली आणि पुढचे आवर्तन महिनाभर लांबले. रक्ताच्या तपासणीत जे जंतू सापडले, तेच नळीतून घेतलेल्या रक्तातही सापडले. तेथील तज्ज्ञांनी दूरध्वनीवर मला एवढेच विचारले, “डॉक्टरसाहेब, पहिल्या दिवशी दंडातली नळी पाहिली होतीत का?” मी पट्टी पाहिली होती, नळी पाहिली नव्हती.

ही नळी कशासाठी ?

हातावरील नीला बारीक असतात व त्यांतील रक्तप्रवाह मंद असतो. डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टीन यांसारखी औषधे नीलेबाहेर झिरपली तर तेथील मांस व त्वचा सडते, आणि नीलेत राहिली तरी तिच्या आतील आवरणाचा दाह होतो. काही औषधे पंपाद्वारे अखंड ४६ तास द्यावी लागतात. वारंवार रक्त तपासावे लागते, रक्त व बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स चढवाव्या लागतात. म्हणून नळीचे टोक ऊर्ध्व महानीलेच्या खालच्या भागात, उजव्या कर्णिकेच्या मुखाशी ठेवतात. तेथील वेगवान प्रवाहात औषध तत्काळ विरळ होते.

हृदयापर्यंत नळी नेता येते हे १९२९ साली जर्मनीतील वर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या नीलेतून नळी घालून व तशाच स्थितीत क्ष-किरण कक्षापर्यंत चालत जाऊन सिद्ध केले. १९५६ साली त्यास नोबेल पारितोषिकाचा एक तृतीयांश वाटा मिळाला. १९५२ मध्ये ओबानियाक याने अक्षकास्थीखालील नीलेचा मार्ग वर्णिला. १९७३ मध्ये ब्रोव्हियाक व १९७९ मध्ये हिकमन यांच्या नावाच्या, त्वचेखालून बोगदा करून बसवावयाच्या नळ्या आल्या. १९८० नंतरच्या दशकात संपूर्ण त्वचेखाली राहणारे पोर्ट प्रचारात आले.

आपल्याकडे येणाऱ्या रुग्णात पुढील प्रकार आढळतात.

१. पिक लाइन : दंडातील नीलेतून आत नेलेली लांब नळी. तिचे बाहेरील टोक दंडावर पारदर्शक पट्टीखाली दिसते. आठवड्यातून एकदा ती सलाईनने धुवावी लागते व पट्टी बदलावी लागते.

२. हिकमन प्रकारची नळी : छातीच्या त्वचेखालील बोगद्यातून बाहेर येते. त्वचेखाली तिला एक वस्त्रासारखी कडी असते. तिच्यात ऊती वाढून नळी पक्की होते व जंतूंची वाट अडते.

३. पोर्ट : छातीच्या त्वचेखाली, नाण्याएवढ्या उंचवट्याच्या रूपात हाताला लागते. बाहेर काहीच दिसत नाही. वापरताना ह्युबर नावाची विशेष सुई त्वचेतून टोचतात.

४. अल्पकालीन नळी : मानेतील, अक्षकाखालील किंवा जांघेतील नीलेत रुग्णालयात बसवितात. ती घेऊन रुग्ण सहसा घरी येत नाही.

यांपैकी कोणती नळी अधिक निर्धोक, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये झालेल्या व २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कावा’ नावाच्या अभ्यासात १०६१ कर्करुग्णांचा समावेश होता. पोर्ट व हिकमन यांच्या तुलनेत उपद्रवांचे प्रमाण अनुक्रमे २९ व ४३ टक्के, तर पोर्ट व पिक यांच्या तुलनेत ३२ व ४७ टक्के आढळले. म्हणजे पोर्ट त्यातल्या त्यात बरे; परंतु तेथेही सुमारे तीन रुग्णांमागे एकास काही ना काही उपद्रव होतोच. नळी बसविणाऱ्याचे कौशल्य कितीही असले तरी पुढील महिन्यांची देखभाल घरी होते.

शल्य आणि उपद्रव

शरीरात शिरून पीडा उत्पन्न करणाऱ्या बाह्य वस्तूस सुश्रुताचार्यांनी शल्य म्हटले, आणि आत दडलेले शल्य कसे ओळखावे यासाठी सूत्रस्थानात प्रनष्टशल्याचा स्वतंत्र अध्याय दिला. नीलेतील नळी हे रुग्णाच्या हितासाठी जाणीवपूर्वक ठेवलेले शल्यच होय. हित होत असले तरी तिचा शल्यस्वभाव जात नाही. मूळ व्याधी एक व तिच्या चिकित्सेतून उद्भवणारा उपद्रव दुसरा, आणि कित्येकदा उपद्रवच आधी प्राण घेतो, हा विवेक आपल्या शास्त्राने शिकविला आहे. येथे तोच लागू पडतो.

नळी बसविताना होणारे उपद्रव म्हणजे फुप्फुसावरणात हवा शिरणे, चुकून धमनी विद्ध होणे, रक्त साकळणे, हृदयाची गती अनियमित होणे. यांची काळजी रुग्णालयात घेतली जाते. अलीकडे ध्वनिलहरींच्या यंत्राने नीला पाहून सुई घालतात, त्यामुळे हे प्रसंग कमी झाले आहेत. मात्र नळी बसवून परतलेल्या रुग्णास एक-दोन दिवसांत श्वास लागला वा छातीत टोचू लागले, तर फुप्फुसावरणातील हवेचा संशय घेऊन क्ष-किरण तपासणीस पाठवावे. आपला खरा संबंध येतो तो नंतरच्या उपद्रवांशी.

पहिला व सर्वात घातक उपद्रव : जंतुसंसर्ग

जंतू नळीपर्यंत प्रामुख्याने दोन वाटांनी पोहोचतात. नळी नवी असताना ते त्वचेवरून तिच्या बाह्य पृष्ठभागाने आत उतरतात. नळी जुनी झाल्यावर जोडणीच्या तोंडातून, म्हणजे ती हाताळणाऱ्या हातांवरून, ते पोकळीत शिरतात. आत गेल्यावर ते नळीच्या भिंतीवर एक चिकट आवरण विणून त्याखाली राहतात. या आवरणात प्रतिजैविके व शरीरातील रक्षक पेशी यांचा प्रभाव फार कमी पडतो. नळी धुतली की जंतूंचे पुंजके सुटून थेट हृदयात जातात. म्हणूनच नळीतून काही सोडल्यानंतर अर्ध्या-एक तासात भरणारी हुडहुडी हे या उपद्रवाचे फार बोलके लक्षण आहे. माझ्या रुग्णेचे तिसऱ्या दिवसाचे चित्र हेच होते.

त्वचेवर नित्य राहणारे स्टॅफिलोकोकस, त्यांतील ऑरियस ही उग्र जात, आतड्यातील ग्रामऋण जंतू आणि कँडिडा बुरशी हे येथील मुख्य कारक होत.

कर्करुग्णात हा संसर्ग अधिक भयंकर का ठरतो ? केमोथेरपीनंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, सर्वात कमी होतात. घन मिलिमीटरमागे त्या ५०० च्या खाली गेल्या की शरीराची पहिली फळीच उरत नाही. पू या पेशींपासूनच बनतो. पेशी नसल्या तर पू नाही, लाली नाही, सूजही नाही. नळीची जागा स्वच्छ दिसते आणि रक्तात मात्र जंतू वाढत असतात. अशा वेळी ज्वर हे बहुधा एकमेव लक्षण असते. त्या ज्वराला आपण उतरविले, तर एकुलता एक साक्षीदार आपणच नाहीसा करतो.

नियम सोपा आहे. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णास एकदाही १०१ अंश फॅरनहाइट किंवा १०० अंश ४ दशांश एवढा ताप तासभर टिकून राहिला, तर ती आत्ययिक अवस्था समजावी. रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत नीलेवाटे प्रतिजैविक सुरू व्हावे, असा आधुनिक शास्त्राचा दंडक आहे. ताप नसून नुसती हुडहुडी, ग्लानी, रक्तदाब उतरणे असेल तरी हाच नियम.

रुग्णालयात नळीतून व दुसऱ्या हातातून असे दोन्हीकडचे रक्त एकाच वेळी संवर्धनासाठी घेतात. नळीतील रक्तात जंतू दोन तास वा अधिक आधी वाढले, तर उगम नळीत आहे असे ठरते. प्रतिजैविक आधी दिले गेले असेल तर ही परीक्षा फसते. म्हणून ‘जाता जाता एक इंजेक्शन’ देण्याचा मोह टाळावा. मात्र रुग्णालय काही तासांच्या अंतरावर असेल तर त्यांच्या तज्ज्ञांशी दूरध्वनीवर बोलून ते सांगतील तसे करावे.

नळी काढावी की ठेवावी हा निर्णय तज्ज्ञांचा. ऑरियस, स्यूडोमोनास वा कँडिडा आढळल्यास, बोगद्यात किंवा पोर्टच्या कप्प्यात पू झाल्यास, अथवा रक्तदाब सावरत नसल्यास ती सहसा काढावीच लागते. सौम्य जंतू असतील तर नळीतच प्रतिजैविक भरून ठेवून ती वाचविण्याचा प्रयत्न होतो.

हा उपद्रव टाळता येतो, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात अतिदक्षता विभागांत पाच साध्या गोष्टी नेमाने पाळल्या गेल्या : हात धुणे, नळी बसविताना पूर्ण निर्जंतुक आवरणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, जांघेतील नीला टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, नळीच्या दर हजार दिवसांमागे २.७ असलेले संसर्गाचे मध्यक प्रमाण तीन महिन्यांत शून्यावर आले. नवे औषध एकही नव्हते. होती ती केवळ शिस्त.

दुसरा उपद्रव : रक्ताची गुठळी

कर्करोगात रक्त मुळातच गोठण्यास प्रवृत्त असते. त्यात नळीमुळे नीलेची भिंत दुखावते आणि प्रवाह अडखळतो. अशा तीन कारणांच्या संयोगाने नळीभोवती गुठळी धरते. पिक लाइनमध्ये हे प्रमाण तुलनेने जास्त असते. नळीचे टोक योग्य जागेच्या वर राहिले असल्यासही शक्यता वाढते.

लक्षणे : नळीच्या बाजूच्या हातास सूज व जडपणा, दंडात वा खांद्यात वेदना, हाताचा रंग निळसर होणे, छातीवर व खांद्यावर नव्या नीला उठून दिसणे, क्वचित मान व चेहरा फुगणे. पुष्कळदा अंगठी किंवा बांगडी घट्ट होऊ लागली एवढीच तक्रार असते. दोन्ही दंडांचा घेर मोजण्यासाठी एक फीत पुरते.

येथे आपल्या व्यवसायातील धोका लक्षात घ्यावा. हाताची सूज पाहून शोथघ्न लेप, तैलमर्दन, शेक किंवा रक्तमोक्षण सुचणे स्वाभाविक आहे. परंतु गुठळी असलेल्या हाताचे मर्दन केल्यास तिचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकू शकतो. मग श्वास कोंडतो, छातीत दुखते, प्रसंगी मृत्यू येतो. जलौकावचारण तर येथे सर्वथा वर्ज्य. जळवांच्या आतड्यात एरोमोनास नावाचे जंतू नैसर्गिकपणेच असतात आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णास ते सोसत नाहीत. शिवाय बिंबिका कमी असल्यास रक्तस्राव थांबत नाही.

निदान डॉप्लर तपासणीने होते. उपचार म्हणून रक्त गोठू न देणारी औषधे किमान तीन महिने व नळी असेपर्यंत देतात. नळी चालू आहे, जागेवर आहे, संसर्ग नाही आणि तिची गरज आहे, असे असल्यास ती काढावी लागत नाही, हे रुग्णास धीर देताना सांगावे.

अन्य उपद्रव

नळी बंद पडणे : आत रक्त गोठल्याने किंवा दोन औषधे एकत्र येऊन साका बसल्याने असे होते. कधी औषध आत जाते पण रक्त मागे येत नाही. तेव्हा टोकावर तंतूंचे आवरण धरल्याचा संशय घ्यावा. जोर लावून सलाईन ढकलणे हा याचा उपाय नव्हे. लहान पिचकारीत दाब फार वाढतो व नळी फुटते. म्हणून १० मिलिलीटरपेक्षा लहान पिचकारी नळीला लावू नये, असा नियम आहे.

नळी तुटणे : अक्षकास्थी व पहिली बरगडी यांच्या कात्रीत सापडून नळी झिजते. हात वर केला की नळी चालते व खाली केला की अडते, ही त्याची खूण. तुटलेला तुकडा हृदयात जाऊ शकतो. बाहेरील भागास चीर पडल्यास चिरेच्या व शरीराच्या मध्ये नळी दुमडून घट्ट बांधावी व रुग्णास पाठवावे.

औषध बाहेर झिरपणे : पोर्टची सुई सरकल्यास औषध त्वचेखाली उतरते. पंप लावून घरी आलेल्या रुग्णास पोर्टपाशी आग, वेदना वा फुगवटा जाणवला तर पंप तत्काळ बंद करून रुग्णालयास कळवावे. सुई उपटू नये व वरून चोळू नये.

नळी सरकणे : बाहेर दिसणारी लांबी आधीपेक्षा वाढली असेल तर नळी बाहेर आली आहे. ती आत ढकलू नये. पट्टीने जागच्या जागी स्थिर करून पाठवावे.

हवा आत शिरणे : टोपण निघाले वा नळी तुटली तर श्वासाबरोबर हवा नीलेत ओढली जाते. अकस्मात श्वास लागणे, खोकला, भ्रम ही लक्षणे. नळी चिमटून बंद करावी, रुग्णास डाव्या कुशीवर, डोके खाली ठेवून निजवावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. नळी नुकतीच काढली असल्यास त्या छिद्रावर हवाबंद पट्टी दाबून धरावी.

चिकित्सालयात पाळावयाचे नियम

१. कर्करुग्णाच्या केसपत्रावर पहिल्याच भेटीत नळीचा प्रकार, बाजू, बसविल्याची तारीख, गेल्या आवर्तनाची तारीख व रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहावा.

२. प्रत्येक भेटीत पट्टीवरून जागा पाहावी, हलक्या हाताने दाबून पाहावी, दोन्ही हातांची तुलना करावी.

३. ज्या हातात पिक लाइन आहे त्या हातावर रक्तदाब मोजू नये, सुई टोचू नये.

४. अशक्तपणासाठी ‘याच नळीतून एक बाटली लावा’ अशी विनंती घरची मंडळी करतात. प्रशिक्षण नसताना ती मान्य करू नये. नळी रुग्णालयाची नव्हे, रुग्णाच्या प्राणांची आहे.

५. अभ्यंग व स्वेदन नळीच्या बाजूस करू नये. तेलाने पट्टी सुटते, वाफेने भिजते. पोर्टवर दाब पडेल असे मर्दन टाळावे.

६. पांढऱ्या पेशी कमी असण्याच्या काळात बस्ती देऊ नये, गुदमार्गे तापमानही घेऊ नये.

७. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असल्यास लसूण, आले, हळद यांचे अर्क आणि गुग्गुळाचे कल्प रक्तस्रावाची शक्यता वाढवू शकतात. आहारातील प्रमाण निराळे आणि अर्काची मात्रा निराळी. आपण देत असलेल्या प्रत्येक कल्पाची नोंद रुग्णाच्या कागदांवर करावी व त्याच्या कर्करोगतज्ज्ञास कळू द्यावी.

८. ताप आलेल्या रुग्णास पाठविताना सोबत चिठ्ठी द्यावी : केमोथेरपीचा कितवा दिवस, ताप किती व केव्हापासून, हुडहुडी नळी धुतल्यानंतर आली का, कोणती औषधे दिली. ही चार वाक्ये तेथील एक तास वाचवितात.

औषधविक्रेत्यांसाठी

गावात ज्वराचे पहिले औषध पुष्कळदा दुकानातच मिळते. ताप उतरविण्याची गोळी मागणाऱ्यास ‘घरात कोणाची केमोथेरपी चालू आहे काय ?’ हा एक प्रश्न विचारावा. उत्तर होकारार्थी असल्यास गोळी देऊन निरोप देऊ नये; रुग्णालयाकडे पाठवावे.

नळी धुण्यासाठी सलाईनची मोठी बाटली उघडून आठवडाभर वापरण्याची पद्धत घातक आहे. १० मिलिलीटरच्या एकवेळ वापरावयाच्या कुप्या किंवा भरलेल्या पिचकाऱ्या ठेवाव्यात. पिचकारी मागितल्यास १० मिलिलीटरचीच द्यावी.

हेपारिनच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. नळीत भरण्याचे हेपारिन मिलिलीटरला १० ते १०० युनिट असते; उपचारासाठीच्या कुप्या १००० व ५००० युनिटच्याही मिळतात. कुपी सारखी, लेबल सारखे, आणि शून्ये मात्र वेगळी. २००६ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे १० युनिटच्या जागी १०,००० युनिटच्या कुप्या वापरल्या जाऊन तीन नवजात अर्भके दगावली. चिठ्ठीवर प्रमाण स्पष्ट नसेल तर लिहिणाऱ्यास विचारल्याखेरीज हेपारिन देऊ नये, आणि दोन प्रमाणांच्या कुप्या एका फडताळात ठेवू नयेत.

घरच्या मंडळींस काय सांगावे ?

नळीला हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. जोडणीचे तोंड प्रत्येक वेळी जंतुनाशकाने किमान पंधरा सेकंद घासून वाळू द्यावे. पारदर्शक पट्टी आठवड्याने, कापडी पट्टी दोन दिवसांनी, आणि भिजलेली वा सुटलेली कोणतीही पट्टी त्याच वेळी बदलावी. स्नानाच्या वेळी जागा प्लास्टिकने झाकावी. नदी, विहीर, तलाव वर्ज्य. जागेवर हळद, राख, तेल, अंगारा काहीही लावू नये. घरात तापमापक असावा आणि अंग गरम लागले की गोळी देण्यापूर्वी तापमान लिहून ठेवावे. रुग्णालयाचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा, कारण हुडहुडी बहुधा रात्री भरते आणि रात्री कागद सापडत नाहीत.

समारोप

कर्करोगाच्या चिकित्सेत आपले स्थान कोणते, यावर आपल्या सभांतून पुष्कळ चर्चा होते. रुग्णाची भूक, निद्रा, बल व धैर्य सांभाळणे हे मोठे कार्य आपण करतोच. त्याच्या जोडीला, दोन आवर्तनांमधल्या काळात रुग्णावर ज्याची नजर प्रथम पडते तो वैद्यही आपणच असतो. त्या पहिल्या नजरेचे मोल एखाद्या कल्पाहून कमी नाही.

ती रुग्णा पुढे पोर्ट बसवून घेऊन उरलेली आवर्तने पूर्ण करू शकली. बरी झाल्यावर भेटावयास आली तेव्हा तिने मला दोष दिला नाही. “तुमच्या गोळीने ताप तर उतरला होता,” असेच ती म्हणाली. ते वाक्य मला दोषारोपापेक्षा अधिक लागले. तेव्हापासून माझ्या चिकित्सालयात कर्करुग्णाच्या केसपत्राच्या पहिल्या ओळीवर एकच प्रश्न लाल शाईने छापला आहे : नळी आहे काय ? आपणही तो छापून घ्यावा, ही नम्र विनंती.